बर्फाखालची खोली आणि अ‍ॅडमिरल बर्ड

अमेरिका आणि कॅनडात चाकांवरच्या घरात, म्हणजेच मोटरहोममध्ये, कडाक्याचा हिवाळा काढणारी कुटुंबे आहेत. पहिला बर्फ पडण्याआधी त्यांची लगबग सुरू होते. गाडीच्या तळाभोवती आडोसा उभारायचा, पाण्याच्या नळ्यांना उबदार वेष्टण गुंडाळायचे, खिडक्यांवर दुहेरी आवरण चढवायचे, दाराच्या फटी बुजवायच्या. या सगळ्या तयारीत एक काम मात्र अगदी उलट असते. एक झरोका मुद्दाम उघडा ठेवायचा असतो आणि तो बर्फाने बंद होणार नाही, यावर रोज लक्ष ठेवायचे असते. या झरोक्याचे मोल ज्यांनी जिवावर बेतून मोजले आणि तरीही ते सांगायला जिवंत राहिले, अशा थोड्या लोकांमध्ये रिअर अ‍ॅडमिरल रिचर्ड बर्ड यांचे नाव अग्रभागी आहे.

व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर येथे २५ ऑक्टोबर १८८८ रोजी एका प्रतिष्ठित घराण्यात बर्ड यांचा जन्म झाला. १९१२ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीतून ते बाहेर पडले. पायाच्या दुखापतीने जहाजावरील कारकीर्द खुंटली, तेव्हा त्यांनी विमानविद्येची वाट धरली. ९ मे १९२६ रोजी फ्लॉईड बेनेट यांच्यासह उत्तर ध्रुवावरून उड्डाण केल्याचा दावा त्यांनी केला आणि ते रातोरात राष्ट्राचे नायक ठरले. या दाव्यावर पुढे अनेकांनी शंका घेतली; १९९६ मध्ये प्रकाशात आलेल्या त्यांच्या रोजनिशीतील खाडाखोडीने तर वादाला नवे इंधन मिळाले. मात्र २८ आणि २९ नोव्हेंबर १९२९ रोजी तीन सहकाऱ्यांसह दक्षिण ध्रुवावरून केलेले त्यांचे उड्डाण वादातीत आहे. त्यानंतर अमेरिकी काँग्रेसने खास कायदा करून त्यांना रिअर अ‍ॅडमिरल केले. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडे कीर्ती होती, पद होते आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर ‘लिटल अमेरिका’ नावाचा तळ होता.

चार इंचांची भिंत

१९३३ मध्ये बर्ड यांनी दुसरी मोहीम काढली. लिटल अमेरिका हा तळ समुद्राजवळ होता. खंडाच्या आतल्या भागात हिवाळ्यात हवामान कसे वागते, याची सलग नोंद तोवर कुणीही घेतलेली नव्हती. ती घेण्यासाठी तळापासून दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर एक छोटे ठाणे उभारायचे ठरले.

या ठाण्यासाठीची खोली आधी अमेरिकेत तयार करून, तिचे भाग सुटे करून नेण्यात आली. लांबी १३ फूट, रुंदी ९ फूट. मुंबईतल्या चाळीतली एक खोली डोळ्यांसमोर आणली, तर तिच्याहूनही ही लहानच. भिंती जेमतेम चार इंच जाडीच्या. त्यांच्या पोकळीत सावरीच्या जातीचा हलका कापूस भरलेला. साखळीपट्ट्यांच्या ट्रॅक्टरांनी हे सामान बर्फावरून ओढत नेले. तेथे मोठा खड्डा खणून खोली त्यात बसविण्यात आली आणि छप्पर बर्फाच्या पातळीला आणण्यात आले. वाऱ्याचा मारा चुकावा आणि बर्फाच्या पोटातील त्यातल्या त्यात स्थिर तापमानाचा लाभ मिळावा, हा त्यामागील हेतू होता. वर जाण्यासाठी छपरात झडप होती. अन्न आणि इंधन साठविण्यासाठी बर्फातच दोन बोगदे खणले गेले. कोळशावर चालणारी साधी शेगडी तेलावर चालेल अशी बदलून आत ठेवण्यात आली. हवा खेळती राहावी म्हणून छपरातून नळ्या काढण्यात आल्या. वायरलेस यंत्राला वीज पुरविणारे पेट्रोलचे इंजिन बोगद्यात बसविण्यात आले.

थंडी आत येणार नाही, याची काळजी अशी कसोशीने घेतली गेली होती. जळलेली हवा बाहेर कशी जाईल, हा प्रश्न मात्र त्यामानाने दुर्लक्षित राहिला. शेगडीच्या धुराड्याचे सांधे घट्ट बसत नव्हते. प्रवासात झालेली आदळआपट आणि हिवाळा तोंडावर आल्याने उडालेली घाई यांत ती उणीव तशीच राहून गेली.

मूळ बेत तिघांनी राहण्याचा होता. ट्रॅक्टर वाटेत अडखळत राहिले आणि तिघांना पुरेल इतका साठा वेळेत पोहोचला नाही. दोघांना ठेवावे, तर एवढ्याशा खोलीत महिनोन्महिने कोंडलेली दोन माणसे एकमेकांचा द्वेष करू लागतील, अशी बर्ड यांची धारणा होती. तेव्हा त्यांनी स्वतः एकट्याने राहण्याचा निर्णय घेतला. मोहिमेच्या प्रमुखाने पन्नासहून अधिक माणसांना मागे ठेवून असे एकांतात जाणे योग्य होते का, यावर तेव्हाही टीका झाली. एकांताचे आकर्षण त्यांना होते, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले. २८ मार्च १९३४ रोजी सहकारी परतले आणि बर्ड एकटे उरले.

न दिसणारा शत्रू

एप्रिलच्या मध्यास सूर्य मावळला, तो ऑगस्टअखेरपर्यंत उगवणार नव्हता. बाहेरचे तापमान शून्याखाली ५० अंश सेल्सियसच्याही पलीकडे घसरू लागले. दिवसातून ठरल्या वेळी वर जाऊन उपकरणे पाहायची, नोंदी करायच्या आणि ठरल्या दिवशी मोर्सच्या भाषेत तळाशी संपर्क साधायचा, असा क्रम सुरू झाला. मे महिन्यात डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण त्यांना जाणवू लागला. वारंवार उसळणारी उदासी त्यांनी एकटेपणाच्या खाती टाकली. प्रत्यक्षात हे विषबाधेचे पहिले इशारे होते.

३१ मे रोजी वायरलेसवर तळाशी संभाषण सुरू असताना इंजिनाची घरघर बिघडल्याचे त्यांच्या लक्षात आले. ते पाहायला म्हणून ते बोगद्यात गेले आणि तेथेच कोसळले. इंजिनाच्या धुराचा मार्ग बर्फाने बंद झाला होता आणि बोगद्यात कार्बन मोनॉक्साईड साचला होता. या वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो आणि माणूस श्वास घेत असतानाही गुदमरत जातो. बर्ड रांगत खोलीत परतले. पुढचे कित्येक दिवस त्यांना उभे राहणेही अवघड झाले होते.

खरी कोंडी त्यानंतर सुरू झाली. विषाचा दुसरा स्रोत खोलीतच होता. शेगडीच्या सैल सांध्यांतून वायू झिरपत होता आणि हवेच्या नळ्यांत श्वासातील बाष्प गोठून बर्फ साचत होता. शेगडी पेटवावी तर विष आणि विझवावी तर गोठण. बर्ड यांनी दोन्हींच्या मधला मार्ग काढला. दिवसाचे निम्मे तास शेगडी बंद ठेवायची, नळ्यांतील बर्फ खरवडायचा आणि उरलेला वेळ झोपण्याच्या पिशवीत काढायचा. भिंतींवर आतून बर्फाचा थर चढत छताकडे सरकू लागला. घशाखाली घास उतरत नव्हता. तरीही हवामानाच्या नोंदींत त्यांनी शक्यतो खंड पडू दिला नाही.

आपल्या आजाराची वार्ता त्यांनी तळाला कळविली नाही. ध्रुवीय रात्रीत, भेगांनी भरलेल्या वाटेने सहकारी सुटकेसाठी निघाले तर एकाऐवजी अनेकांचा जीव जाईल, ही भीती त्यांना होती. इंजिन बंद पडल्यावर हाताने फिरवायच्या यंत्रावर ते संदेश पाठवू लागले. त्या संदेशांतील चुका आणि लांबत जाणारे खंड यांवरूनच तळावरच्या मंडळींना संशय आला. मोहिमेतील शास्त्रज्ञ थॉमस पोल्टर यांच्या नेतृत्वाखाली ट्रॅक्टर निघाला. दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या प्रयत्नात, १० ऑगस्टच्या रात्री, पोल्टर, डेमास आणि वेट हे तिघे पोहोचले. बर्ड यांनी पेटते बोळे बांधलेले पतंग उडवून त्यांना खुणा केल्या होत्या. पाहुण्यांसाठी सूप तयार असल्याचे सांगून ते शिडीच्या पायथ्याशी कोसळले. विमानाने परतण्याइतकी शक्ती येण्यास त्यांना आणखी दोन महिने लागले. या अनुभवावरचे त्यांचे ‘अलोन’ हे पुस्तक १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले.

चाकांवरचे घर

सुटकेच्या त्या फसलेल्या फेऱ्यांचा अनुभव पोल्टर यांच्या गाठीशी होता. बर्फावर चालणारे आणि हिवाळ्यातही राहता येईल असे घरच बांधावे, ही कल्पना त्यांनी उचलून धरली. बर्ड यांच्या १९३९ च्या मोहिमेसाठी शिकागोत ‘स्नो क्रूझर’ साकार झाला. ५५ फूट लांब, २० फूट रुंद, दहा-दहा फूट व्यासाची चार चाके आणि छपरावर छोटे विमान. चार-पाच माणसांना वर्षभर पुरेल इतक्या साठ्याची सोय त्यात होती. झोपण्याची खोली, यंत्रघर आणि स्वयंपाकघर हे सारे एकाच पोटात होते. इंजिन थंड करणारे गरम झालेले द्रव नळ्यांतून खोल्यांत फिरवून ऊब देण्याची योजना होती. ज्वाला एका बाजूला आणि श्वासाची हवा दुसऱ्या बाजूला, असा हा मामला होता.

वाहन म्हणून हा प्रयोग सपशेल फसला. गुळगुळीत टायर बर्फात रुतून जागीच फिरत. पुढच्या चाकांना जादा टायर जोडून आणि मागच्यांना साखळ्या बांधूनही गाडी नीट चालली ती फक्त उलटी. तिचा सर्वांत लांबचा, सुमारे १४८ किलोमीटरचा प्रवास उलट दिशेनेच झाला. घर म्हणून मात्र ते उत्तम ठरले. एका जागी उभे करून, लाकडांनी झाकून माणसे त्यात राहिली, काम करीत राहिली. झोपताना हलके पांघरूण पुरे होत असे. १९५८ मध्ये एका पथकाने बर्फ उपसून हे घर शोधले, तेव्हा आतील वस्तू जशाच्या तशा होत्या. त्यानंतर ते कुणाच्या दृष्टीस पडले नाही.

बर्ड यांनी १९४६-४७ मध्ये अंटार्क्टिकावरील नौदलाच्या प्रचंड मोहिमेचे नेतृत्व केले आणि १९५५-५६ मध्ये ते अखेरचे तेथे जाऊन आले. ११ मार्च १९५७ रोजी बोस्टन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी दक्षिण ध्रुवावरच अमेरिकी पथकाने पहिला हिवाळा काढला. बर्ड यांच्या एकाकी खोलीत सुरू झालेली अंतर्भागातील हिवाळी नोंदींची परंपरा तेथे पुढे गेली.

बर्ड यांच्या उड्डाणांचे दावे इतिहासकार तपासत राहतील. त्या १३ बाय ९ फुटांच्या खोलीतून मिळालेला धडा मात्र तपासण्याची गरज नाही. ध्रुवावर जाण्याचा प्रसंग कुणावर येवो न येवो, बंद न्हाणीघरातील गॅस गीझर आणि दारे-खिडक्या लावून पेटविलेली शेगडी आपल्या शहरांतही तोच वायू तयार करतात. ऊब आत कोंडण्याआधी जळलेली हवा जाणार कोठून, हे पाहायला हवे.