शेठ वालचंद आणि बंगलोरचा विमान कारखाना



आमचे आजोबा सांगत असत की दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत शिरड शहापूरवरून एखादे विमान गेले, की मोटेवरचा माणूस बैल थांबवून आकाशाकडे पाहत राही. आवाज आधी येई, विमान मागून दिसे. ते कोणाचे आणि कुठून आले, हे सांगणारा गावात कोणी नव्हता. आपला मुलूख तेव्हा निजामी राज्यातल्या परभणी जिल्ह्यात होता. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, निजाम सरकारने इंग्रजांच्या वायुदलाला विमानांची एक अख्खी तुकडी पैसे देऊन उभी करून दिली होती, आणि तिला हैदराबादचे नाव मिळाले होते. पण ती विमाने विलायतेत बनलेली आणि त्यांची इंजिने अमेरिकेची. पैसा आपला, हुन्नर दुसऱ्याचा! हा हुन्नर हिंदुस्थानात आणावा असा ध्यास घेतलेल्या एका माणसाची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजरातेतले, दिगंबर जैन पंथाचे. (आपल्या शिरड शहापूरच्या मल्लिनाथ मंदिराला येणारे यात्रेकरू त्याच पंथाचे, हे तुमच्या ध्यानात येईल.) आई बाळपणीच गेली. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत त्यांचे थोडे शिक्षण झाले, पण पदवी काही हाती लागली नाही. पेढीच्या धंद्यात मन रमेना, तेव्हा लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या जुन्या कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी मोठी कामे मिळाली. १९१९ साली मित्रांबरोबर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारची ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट विकत घेऊन त्यांनी सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. तोच दिवस आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो. साखर कारखाने, वालचंदनगर, मोटारी यांची कथा एका लेखात मावणार नाही. तेव्हा विमानांकडेच वळू.

१९३९ साली शेठजी मोटारींच्या कारखान्याची बोलणी करण्यासाठी अमेरिकेस गेले होते. त्या प्रवासात विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. पॉलींचा चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना होता. शेठजींनी तिथल्या तिथेच त्यांच्याशी हिंदुस्थानातल्या कारखान्याची गोष्ट काढली. इंग्रज सरकार मात्र प्रथम राजी नव्हते. १९४० साली फ्रान्स पडला, इंग्लंडवर बाँब पडू लागले, तेव्हा कुठे त्याचे मन वळले.

कारखान्यासाठी जागा हवी होती. ती मिळाली म्हैसूर संस्थानात, आणि देणारे दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. हेच मिर्झासाहेब पुढे १९४६-४७ साली हैदराबादचे पंतप्रधान झाले, म्हणजे काही काळ आपल्या वाडवडिलांच्या मुलखाचा कारभारही त्यांच्याकडे होता. त्यांनी बंगलोरला सुमारे ७०० एकर जमीन दिली आणि संस्थानाचे २५ लाख रुपये गुंतवले. शिवसमुद्रमची वीज हाताशी होती, विज्ञान संस्था शेजारी होती, शिवाय गाव समुद्रापासून दूर. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. १९४१ च्या मार्चमध्ये हिंदुस्थान सरकारही २५ लाख घालून एक तृतीयांश भागीदार झाले.

पहिले विमान तयार झाले ते शिकाऊ वैमानिकांसाठीचे हार्लो. त्याचे इंजिन अवघे १४५ अश्वशक्तीचे. मग कर्टिस हॉक हे लढाऊ विमान हातात घेतले. त्याचे इंजिन पाहण्यासारखे होते: सिलिंडर एका ओळीत नव्हते, बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांप्रमाणे गोलाकार मांडलेले होते. असे इंजिन वाऱ्यानेच थंड होते, पाण्याची टाकी आणि नळ्या लागत नाहीत. त्यामुळे एखादी गोळी लागून पाणी सांडले आणि इंजिन जळाले, अशी भीती नसते.

पण शेठजींच्या हाती कारखाना फार काळ राहिला नाही. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले, जपानी अंदमानात उतरले. २ एप्रिल १९४२ रोजी सरकारने शेठजी आणि त्यांच्या सोबत्यांचे भाग विकत घेतल्याचे जाहीर केले. म्हैसूरने आपला भाग विकला नाही, पण कारभारावरचा हक्क सोडला. पैसे मिळाले हे खरे. तरी ज्याने सरकारच्या दारात खेटे घालून कारखाना उभारला, त्याला दीड वर्षाच्या आत बाहेर व्हावे लागले, हे आम्हाला आजही खटकते. लढाईची निकड होती, असे दुसऱ्या बाजूने म्हणता येईल.

१९४३ साली कारखाना अमेरिकन वायुदलाच्या हाती गेला. नवी विमाने बनवणे मागे पडले आणि दुरुस्तीचे काम सुरू झाले. डाकोटा, कॅटालिना, लिबरेटर अशी विमाने तेथे येत. दिसायला तिघे वेगळे, पण इंजिन एकाच जातीचे: चौदा सिलिंडरांचे, सुमारे १२०० अश्वशक्तीचे ट्विन वास्प. ठरावीक तास उडाले की असे इंजिन उतरवून पूर्ण सुटे करायचे, प्रत्येक भाग धुऊन, मोजून, झिजलेला बदलायचा आणि पुन्हा जोडून चाचणीला लावायचे. आपली मुले विमानविद्या शिकली ती अशी, हात काळे करून.

कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत शिकून आले होते. त्यांच्या देखरेखीखाली या कारखान्यात एचटी-२ हे शिकाऊ विमान आखले गेले आणि १९५१ साली ते उडाले. शेठजी तेव्हा पक्षाघाताने आजारी होते. १९५० सालीच त्यांनी धंद्यातून अंग काढून घेतले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे ते वारले. १९६४ साली त्यांच्या कंपनीचे हिंदुस्थान एअरोनॉटिक्स झाले. तिचाच एक कारखाना आपल्या नाशिकजवळ ओझरला आहे, आणि मिग विमाने तेथे तयार झाली.

आजोबांनी मोटेवरून पाहिलेल्या विमानाचे इंजिन बंगलोरला सुटे होऊन पुन्हा जोडले गेले होते काय? असेलही. आजोबांना हे विचारायचे राहून गेले. विचारले असते तरी त्यांनी फक्त त्याचा आवाज काढून दाखवला असता.