उडत्या गोळीपुढची हवा फोटोत धरणारा अर्न्स्ट माख

लढाऊ विमान ‘मॅक २’ वेगानं उडतं, असं आपण बातम्यांत वाचतो. हा मॅक म्हणजे एक माणूस, अर्न्स्ट माख.

जन्म १८ फेब्रुवारी १८३८, आजच्या चेक देशातल्या ब्रनो शहराजवळ. तेव्हा तिथं ऑस्ट्रियाचं राज्य. वडील शिकवण्या घ्यायचे, शेतीही करायचे. शाळेतल्या मास्तरांनी पोरगं शिकणार नाही असं ठरवून टाकलं, मग वडिलांनी घरीच शिकवलं. पोरगं दोन वर्षं सुताराच्या हाताखालीही राबलं. तेच पुढं डॉक्टरेट घेऊन १८६७ पासून २८ वर्षं प्रागला प्राध्यापक होतं!

१८७०-७१ च्या फ्रान्स-जर्मनी युद्धात जखमा खड्ड्यासारख्या पडायला लागल्या. फ्रेंच लोक बंदी असलेल्या फुटणाऱ्या गोळ्या वापरतात, असा आरोप झाला. बेल्जियमचे मेल्सेन्स म्हणत, गोळी आपल्यापुढं दाबलेली हवा ढकलत नेते, तीच जखम करते. माखनी १८८१ ला पॅरिसमध्ये त्यांचं भाषण ऐकलं.

पण हवा दिसणार कशी? भर उन्हात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरताना दिसते ना, तेच तत्त्व. हवा दाट-पातळ झाली की उजेड वाकतो. गोळी तारांना लागली की विजेची ठिणगी पडायची आणि तेवढ्या उजेडात फोटो निघायचा. १८८६ साली माखच्या सूचनेप्रमाणे पीटर साल्खर यांनी फ्यूमे बंदरात हा प्रयोग केला. फोटोत गोळीपुढं हवेची धारदार लाट दिसली, होडीपुढं पाणी चिरतं तशी. गोळी आवाजापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, जोरात असेल तरच ही लाट उठते. आसुडाचा फटकाही असाच वाजतो, त्याचं टोक आवाजाच्या पुढं पळतं.

पुढं साल्खरनी उलटं केलं. वस्तू जागेवर ठेवून तिच्यावर दाबलेली हवा सोडली. आजचे वारा-बोगदे याच वाटेवरचे. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडच्या प्रयोगशाळेनं अशाच अतिवेगवान बोगद्यात, हवा लागताच पेटणारं इंधन इंजिनाबाहेर उघड्या वाऱ्यात जाळून पाहिलं. त्या ज्वाळेनं पंखाला जोर मिळतो का, हे बघायचं होतं.

१८९८ ला झटका येऊन माखची उजवी बाजू गेली, तरी लिखाण थांबलं नाही. अणू असतात हे मात्र त्यांना फार काळ पटलं नाही, तिथं ते चुकले. १९ फेब्रुवारी १९१६ ला म्युनिकजवळ वारले. वेगाला त्यांचं नाव स्वित्झर्लंडच्या याकोब आकेरेट यांनी १९२९ साली दिलं, तेव्हा माखना जाऊन १३ वर्षं झाली होती.