खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : १५ जानेवारी, १९२६, गोळेश्वर, ता. कराड, जि. सातारा, मृत्यू : १४ ऑगस्ट, १९८४) हे महाराष्ट्रातील नामवंत कुस्तीगीर होते. १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी बँटमवेट गटात (५७ किलो) कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय.

बालपण व शिक्षण

खाशाबा हे दादासाहेबांच्या पाच मुलांपैकी सर्वांत धाकटे. वडील स्वतः पैलवान असल्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षीच ते तांबड्या मातीत उतरले. त्यांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९४२ च्या 'छोडो भारत' चळवळीत त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याचे व निरोप पोहोचविण्याचे काम केले. पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तालमींच्या या नगरीतच त्यांच्या कुस्तीला खरी धार आली. देहयष्टी लहान, परंतु अंगात विलक्षण चपळाई असल्याने त्यांना 'पॉकेट डायनामो' म्हणत. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

लंडन ऑलिंपिक, १९४८

लंडनच्या स्पर्धेसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना आर्थिक साहाय्य केले. तेथे अमेरिकेचे रीस गार्डनर हे त्यांचे प्रशिक्षक होते. मातीतील कुस्ती प्रतिस्पर्धी चीतपट होईपर्यंत लांबू शकते. गादीवरील कुस्तीला मात्र वेळेचे बंधन असते आणि निकाली कुस्ती झाली नाही, तर पंचांचा कौल निर्णायक ठरतो. गादीचा सराव नसतानाही खाशाबांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाचे बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचे बिली जर्निगन यांना पराभूत केले. इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून हार पत्करल्यावर त्यांचे आव्हान संपुष्टात आले. अखेरीस त्यांना सहावा क्रमांक मिळाला.

हेलसिंकीची तयारी

१९५२ च्या भारतीय संघाच्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला, असे खाशाबांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. त्यानंतर झालेल्या चाचणी कुस्तीत विजय मिळवून त्यांनी संघात स्थान मिळविले. पुढचा प्रश्न खर्चाचा होता. गोळेश्वर व कराड परिसरातील ग्रामस्थांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

खाशाबांनी वजनगट बदलून बँटमवेट गटात भाग घेतला. कॅनडाचे एड्रियन पॉलिक्विन आणि मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो यांना हरवून त्यांनी आगेकूच केली. त्या काळी स्पर्धा दोषगुणांच्या पद्धतीने खेळविली जात असे. प्रत्येक कुस्तीच्या निकालानुसार मल्लाच्या नावावर दोषगुण जमा होत आणि ठरावीक मर्यादा गाठणारा मल्ल बाद होई. खाशाबा अखेरच्या तीन मल्लांत पोहोचले. तेथे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममदबेयोव यांच्याकडून त्यांना पराभव स्वीकारावा लागला. या दोन कुस्त्यांच्या दरम्यान नियमानुसार विश्रांती मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडण्यासाठी भारतीय अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे सांगितले जाते. इशी यांनी सुवर्णपदक पटकाविले. त्या स्पर्धेतील जपानचे ते एकमेव सुवर्ण होते. ममदबेयोव यांना रौप्य, तर खाशाबांना कांस्यपदक मिळाले. भारताला या स्पर्धेत दोनच पदके मिळाली; दुसरे हॉकी संघाचे सुवर्णपदक होते.

मायदेशी परतल्यावर कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांचे स्वागत करण्यात आले. खाशाबांनी त्यानंतर कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले. त्यांच्या उत्पन्नातून खर्डेकरांचे गहाण घर सोडविणे हा त्यामागील हेतू होता.

पोलीस सेवा व मृत्यू

१९५५ साली ते पोलीस उपनिरीक्षक म्हणून पोलीस दलात रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांना उतरता आले नाही. पोलीस दलात त्यांनी अनेक वर्षे सेवा केली आणि साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांचा सहभाग होता. निवृत्तीनंतर त्यांना आर्थिक विवंचनेला तोंड द्यावे लागले. १४ ऑगस्ट, १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

सन्मान व वारसा

खाशाबांना हयातीत केंद्र सरकारचा कोणताही मोठा क्रीडा पुरस्कार लाभला नाही. राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांना मरणोत्तर देण्यात आले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन महाराष्ट्र शासनाने राज्य क्रीडा दिन म्हणून घोषित केला आहे.

त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ४४ वर्षे वाट पाहावी लागली; १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्राची प्रतीक्षा त्याहून दीर्घ, म्हणजे ७२ वर्षांची ठरली. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकून ती संपविली.