सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (जन्म : १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई, मृत्यू : २० जून १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, लेखक व निसर्गसंवर्धक होते. भारतातील पक्ष्यांची पद्धतशीर सर्वेक्षणे त्यांनी केली. संग्रहालयातील मृत नमुन्यांइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व त्यांनी जिवंत पक्ष्याच्या निरीक्षणाला दिले.

बालपण

सलीम अली लहान असतानाच त्यांचे आईवडील वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी त्यांचा मुंबईतील खेतवाडीच्या घरी सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते आणि मुलालाही छऱ्याची बंदूक मिळाली होती. तिने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणत्या जातीची, हे विचारण्यासाठी मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्याकडे पाठवले. मिलर्ड यांनी पक्षी ओळखून दिला, संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला व वाचायला पुस्तके दिली. त्यांच्या पक्षिअभ्यासाची सुरुवात येथून झाली.

शिक्षण व नोकरी

१९१३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते महाविद्यालयात दाखल झाले, पण शिक्षण अर्धवट सोडून ब्रह्मदेशातील तवॉय येथे कुटुंबाच्या खाण व लाकूड व्यवसायात गेले. १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी वाणिज्याबरोबर सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गेतिहास विभागात ते मार्गदर्शक व्याख्याते झाले. पुढे रजा घेऊन त्यांनी बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली प्रशिक्षण घेतले. १९३० मध्ये परत आले, तेव्हा निधीअभावी त्यांचे पद रद्द झाले होते.

किहीम व सुगरण

बेकारीच्या या काळात अली दांपत्य अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी राहिले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणतो, मादी त्याची पाहणी करून ते पसंत करते आणि मगच तो ते पूर्ण करतो. त्यानंतर तो दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीला आकर्षित करतो. हे निष्कर्ष सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले.

हैदराबाद संस्थानातील सर्वेक्षण

केवळ प्रवास व मुक्कामाचा खर्च मिळावा, मानधन नको, अशी तयारी दाखवून त्यांनी संस्थानांतील पक्ष्यांची सर्वेक्षणे हाती घेतली. त्यांपैकी हैदराबाद संस्थानाचे सर्वेक्षण १९३१-३२ मध्ये झाले. मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात होता. आज हिंगोली जिल्ह्यात असलेला सेनगावचा परिसरही तेव्हा संस्थानाच्या परभणी जिल्ह्यात मोडत असे. गोळा केलेल्या नमुन्यांच्या वर्गीकरणावर इंग्लंडमधील ह्यू व्हिसलर यांनी टिपा लिहिल्या. पुढे त्रावणकोर, कोचीन, म्हैसूर व मध्य भारतातील संस्थानांतही असे काम झाले. या मोहिमांत तेहमिना यांची त्यांना साथ होती. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्यानंतर सलीम अली वांद्रे येथे बहीण व मेहुण्यांच्या घरी राहू लागले.

पक्षिछायाचित्रण

शास्त्रीय संग्रहासाठी सलीम अली स्वतः बंदूक वापरत. ओळख निश्चित करण्यासाठी ते आवश्यक मानले जाई. मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिंगापूरहून भारतात आलेले उद्योजक लोक वान थो यांच्या सहवासात त्यांना पक्षिछायाचित्रणाचा जवळून परिचय झाला. दोघांनी भारतात पक्षिनिरीक्षणासाठी अनेक प्रवास केले. लोक यांनी सोसायटीला आर्थिक मदतही केली.

ग्रंथलेखन

१९४१ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ या सचित्र पुस्तकामुळे सामान्य वाचकाला परिसरातील पक्षी ओळखणे शक्य झाले. एस. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा संदर्भग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाला. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ (१९८५) या आत्मचरित्राच्या नावात बालपणीच्या त्या चिमणीचा संदर्भ आहे.

संवर्धनकार्य व सन्मान

स्वातंत्र्यानंतर आर्थिक अडचणीत आलेल्या सोसायटीसाठी त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्याकडून मदत मिळवली. एकेकाळी संस्थानिकांचे शिकारक्षेत्र असलेले भरतपूरचे पाणथळ रान आणि केरळातील सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. जे. पॉल गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी दिली. त्यांना पद्मभूषण (१९५८) व पद्मविभूषण (१९७६) हे किताब मिळाले. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली.

स्मृती

छत्रपती संभाजीनगर येथील सलीम अली सरोवर व कोइमतूर येथील पक्षिविज्ञान केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अली यांचा जन्मदिवस. या दोन दिवसांदरम्यान महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह साजरा केला जातो.