लिओनार्ड नून : परागकणांची लस टोचणारा डॉक्टर

लंडनचे सेंट मेरीज रुग्णालय जगाला ठाऊक झाले ते अलेक्झांडर फ्लेमिंगच्या पेनिसिलिनमुळे. त्या शोधाच्या १७ वर्षे आधी याच रुग्णालयाच्या लसीकरण विभागात एक तरुण डॉक्टर गवताच्या परागकणांचा अर्क रुग्णांच्या त्वचेखाली टोचत होता. त्याचे नाव लिओनार्ड नून. ॲलर्जीच्या दम्यावर आज जी लसोपचार पद्धती वापरली जाते, तिचा उगम या प्रयोगांत आहे.

नूनचा जन्म १८७७चा. विभागाचे प्रमुख ॲल्म्रॉथ राइट हे टायफॉइडच्या लसीमुळे नावाजलेले. प्लेगच्या साथीत नेमलेल्या आयोगाचे सदस्य म्हणून ते हिंदुस्थानातही येऊन गेले होते. प्रत्येक व्याधीवर लस शोधावी, असे त्या विभागाचे वातावरण होते. दर उन्हाळ्यात शिंका, डोळ्यांची आग आणि कित्येकांना धाप आणणारा परागज्वर परागकणांमुळेच होतो, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली यांनी स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करून १८७३मध्ये दाखवून दिले होते. त्यावर उपाय मात्र हाती नव्हता.

परागकणांत एक विष असते आणि घटसर्पाच्या विषाप्रमाणे त्याचीही सवय शरीराला लावता येईल, अशी नूनची कल्पना होती. ती चुकीची होती. परागकण विषारी नसतात. निरुपद्रवी वस्तूला शत्रू मानण्याची चूक शरीर करते. पण या चुकीच्या कल्पनेतून त्याने उभारलेली पद्धत अचूक निघाली, आणि त्याचे श्रेय त्याच्या मोजमापाला द्यावे लागते. टिमोथी गवताच्या एका ग्रॅम परागाच्या दहा लाखाव्या भागातून निघणारा अर्क, हे त्याने एकक ठरवले. रुग्णाच्या डोळ्यात अर्काचे थेंब घालून, किती तीव्रतेला डोळा लाल होतो ते तो पाही, आणि मग मात्रा हळूहळू वाढवी. योग्य मात्रेने सहनशक्ती शंभरपटीपर्यंत वाढते. घाई केली वा मात्रा जास्त झाली, तर त्रास उलट बळावतो, असे त्याला आढळले. १० जून १९११च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

तोवर क्षयाने त्याला गाठले होते. काम सहकारी जॉन फ्रीमन यांनी हाती घेतले आणि त्याच सप्टेंबरात २० रुग्णांचा अनुभव मांडला. नून १९१३मध्ये, ऐन पस्तिशीत गेला.

ही लस खरोखर गुण देते की रुग्णाला केवळ तसा भास होतो, याचा तुलनात्मक पडताळा १९५४मध्ये त्याच रुग्णालयात विल्यम फ्रँकलंड आणि रोसा ऑगस्टिन यांनी घेतला. परागज्वर आणि उन्हाळी दमा, दोन्हींत ती गुणकारी ठरली. पुढे मात्र नूनच्या इशाऱ्याची किंमत जिवानिशी मोजावी लागली. या इंजेक्शनांनंतर १९५७पासून २६ मृत्यू झाल्याची नोंद ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८६मध्ये केली. मृतांत दम्याच्या रुग्णांचा भरणा होता, आणि त्यानंतर तेथे हा उपचार जवळपास थांबला.

आज दमा आटोक्यात नसलेल्या रुग्णाला ही लस देत नाहीत. इंजेक्शननंतर रुग्णाला किमान अर्धा तास दवाखान्यात थांबवून घेतात, आणि उपचार साधारण तीन वर्षे चालतो. दमट किनारपट्टीवर फोफावणाऱ्या, घरातील धुळीतल्या सूक्ष्म किडींविरुद्धही आता ती मिळते. जिभेखाली ठेवायच्या गोळ्याही निघाल्या आहेत. मात्रा मात्र अजूनही नूनच्याच रीतीने, अल्पातून अधिकाकडे, वाढवत नेतात.