जिम कॉर्बेट आणि त्यांची .२७५ रायफल

नवेगाव-नागझिऱ्याच्या कुशीत राहणाऱ्या आपल्या गोंदिया जिल्ह्याला वाघ नवा नाही. मोहफुले वेचायला पहाटे रानात जाणाऱ्याच्या मनात त्याची धास्ती असतेच. म्हणून वाघ मारता मारता वाघाचाच कैवारी झालेल्या जिम कॉर्बेट यांचे चरित्र आपण अवश्य जाणून घ्यावे.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीताल येथे झाला. पोस्टमास्तर असलेले वडील ते लहान असतानाच वारले. कॉलेजचे शिक्षण नशिबी नव्हते. कोवळ्या वयात त्यांनी रेल्वेची नोकरी धरली व पुढे मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचे कंत्राट वीसेक वर्षे सांभाळले.

१९०७ साली त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसे मारल्याचे सांगतात. तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले आढळले. नेहमीची शिकार साधेना, म्हणून ती माणसाकडे वळली. एवढ्या अनर्थाचे मूळ कोणाच्या तरी चुकलेल्या नेमात होते!

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. तिचे काडतूस मूळचे जर्मनीच्या माउझरचे, सात मिलिमीटरचे, बोअर युद्धात गाजलेले. मोठ्या रायफली जड असत व खांद्याला दणका देत. ही हलकी, धक्का कमी, म्हणून नेम ढळत नसे. तिची लांबट गोळी सरळ जाई व खोल शिरे. दिवसदिवस डोंगर तुडवणाऱ्याला असेच हत्यार हवे. रुद्रप्रयागच्या बिबट्याने आठ वर्षांत १२५ बळी घेतले. त्याला त्यांनी १९२६ च्या मे महिन्यात एका अंधाऱ्या रात्री याच रायफलीने टिपले.

पुढे त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १९३६ साली भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन होण्यात त्यांचा वाटा होता. १९४४ साली त्यांचे नरभक्षकांवरील पुस्तक जगभर गेले. १९४७ मध्ये ते केनियाला गेले व १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच वारले. १९५७ मध्ये त्या उद्यानाला त्यांचे नाव मिळाले आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ तेथूनच झाला.

१९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. २०१३ पासून नवेगाव-नागझिराही व्याघ्रप्रकल्प आहे. पण रानडुकरांसाठी लावलेले फास अजून सापडतात. फासातून लंगडत सुटलेला वाघ उद्या कोणाच्या वाटेवर बसेल, हे चंपावतच्या वाघिणीने दाखवून दिले आहे. मित्रहो, कॉर्बेट यांच्या चरित्रातून आपल्या गावांनी घ्यावयाचा धडा तो हाच.