इंदूरच्या खड्ड्यात गोऱ्या साहेबाने मातीतल्या किड्यांचा डाएट प्लॅन बसवला होता

नंदुरबार, शहादा पट्ट्यात कापसाची शेवटची वेचणी झाली की एक प्रश्न ठरलेला असतो. शेतात उभ्या असलेल्या पऱ्हाट्यांचं करायचं काय?

चुलीला लागतात तेवढ्या घरी जातात, उरलेल्या बांधावर पेटतात. जमिनीत गाडल्या तर लवकर कुजत नाहीत, तशाच ठेवल्या तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. मग काडी लावणंच सोपं पडतं.

शंभर वर्षांपूर्वी सातपुडा आणि नर्मदेच्या पलीकडे, होळकरांच्या इंदुरात, एका इंग्रजासमोर हाच ढीग पडला होता. अल्बर्ट हॉवर्ड त्यांचं नाव.

हॉवर्ड शेतकऱ्याच्या घरातले. जन्म ८ डिसेंबर १८७३, इंग्लंडच्या श्रॉपशायरमधला. केंब्रिजला शिकले आणि बार्बाडोस बेटावर बुरशीतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागले. तिथे त्यांना एक गोष्ट खटकायची. पिकाच्या रोगावर सल्ला द्यायचा, पण तो करून बघायला स्वतःच्या हातात शेत नाही.

शेत मिळालं ते भारतात. १९०५ मध्ये बिहारच्या पुसा संस्थेत त्यांच्या वाट्याला ७५ एकर जमीन आली. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी लग्न झालं. त्याही वनस्पतिशास्त्रज्ञ. पुसा ४, पुसा १२ हे गव्हाचे गाजलेले वाण या दोघांच्या कामातून आले, नाव मात्र बहुतेकदा नवऱ्याचंच घेतलं जातं.

१९२४ ला हॉवर्ड इंदूरला आले. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. काम मुख्यतः कापसाचं, जमीन खानदेशासारखीच काळी. म्हणजे पऱ्हाट्या आल्याच.

आता पऱ्हाटी कुजत का नाही?

कारण ती खाणाऱ्यांच्या दृष्टीने निकस जेवण आहे. तिच्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन नावापुरता. मातीत आधी जिवाणू आणि बुरशी कामाला लागतात, त्यांच्या मागून स्प्रिंगटेल, कोळीवर्गातले बारीक जीव आणि गांडुळं येतात. शरीर बांधायला या सगळ्यांना प्रथिनं लागतात आणि प्रथिनांना नायट्रोजन. रोज नुसता भात खाऊन पोरगं अंगाने भरत नाही, तसंच.

स्प्रिंगटेल म्हणजे शेपटाखालच्या चिमट्याने उडी मारणारा, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा जीव. प्रयोगशाळेत तो पाळताना बेकरीचं यीस्ट खायला देतात, कारण त्यावर तो भराभर वाढतो. गांडुळाचंही तेच. शेण मिळालं की वजन धरतं, कोष घालतं. नुसत्या सुक्या काड्यांत रोडावतं. हे जीव काडीपेक्षा तिच्यावरची बुरशी आणि जिवाणू जास्त आवडीने खातात. काडी निकस असेल तर बुरशी कमी, आणि बुरशी कमी म्हणजे पुढचे सगळे उपाशी.

हॉवर्ड यांनी हे ताट सुधारलं. पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरल्या, बैलगाड्यांच्या चाकांनी त्या चेचून निघाल्या. तो चुरा गोठ्यात बैलांखाली अंथरला. मग शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख घालून सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद उथळ खड्ड्यात थर लावले. पाणी बेताचं, आणि ३ महिन्यांत ३ वेळा पलटणी.

आकडा पक्का होता. सुरुवातीला ३३ भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन, शेवटी १० ला १. ढीग सुरुवातीला ६० अंशांच्या पुढे तापतो. त्या उष्णतेत बोंडअळी टिकणं अवघड असतं. ढिगाच्या मधल्या गाभ्यात बारीक जीवही टिकत नाहीत, ते थंड झाल्यावर परततात.

या प्रयोगांत रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे यशवंत वाड होते. १९३१ मध्ये ऑक्सफर्डने शेतीतल्या टाकाऊ मालावरचं पुस्तक काढलं, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावं आहेत. गॅब्रिएल ते बघायला नव्हत्या, १९३० मध्येच त्या गेल्या. हॉवर्ड यांनी १९४० चं आपलं सर्वांत गाजलेलं पुस्तक त्यांना अर्पण केलं.

१९३१ ला ते इंग्लंडला परतले, १९३४ मध्ये ‘सर’ झाले. चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत इंदूर पद्धत पोचली. पण यशासोबत दावेही वाढले. सकस मातीत पिकाला रोगच होत नाही, जनावर आणि माणूसही निरोगी राहतो, असं ते ठामपणे मांडू लागले. पुरावे त्या मानाने तोकडे होते, आणि सरकारी शास्त्रज्ञांशी त्यांचं बिनसलं ते बिनसलंच. खताची कृती मात्र टिकली.

इंदूरला त्यांचं लक्ष बुरशी आणि जिवाणूंवर होतं. गांडुळांकडे ते उतारवयात वळले. चार्ल्स डार्विनने १८८१ च्या पुस्तकात गांडुळांना कोबी, गाजर, कांदा घालून त्यांची आवडनिवड तपासली होती. १९४५ मध्ये ते पुस्तक नव्याने निघालं तेव्हा प्रस्तावना हॉवर्ड यांची होती.

२० ऑक्टोबर १९४७ ला हॉवर्ड गेले. कृषीच्या अभ्यासक्रमात आजही बंगळूर पद्धतीच्या शेजारी इंदूर पद्धत शिकवली जाते. तिथे हॉवर्ड यांचं नाव सापडतं, यशवंत वाड यांचं क्वचित.